चाळीस शब्दांची पाटी

संचालकबाई म्हणाल्या, चाळीस शब्द.
भिंतीवर त्याहून जास्त कुणी वाचत नाही,
लोकांचे पाय दुखतात.

बाकी अकराजणींच्या पाट्या लागल्या.
कादंबरीकार, शिल्पकार, ती पोलादाच्या तारा विणणारी,
एकीला तर परदेशातलं पदक.
उरली ओतिलिया ओयार्सून.

जन्म: वालपाराइसो, गोदीमागची टेकडी.
तारीख भूकंपात गेली, चर्चच्या दप्तरासकट.
शिक्षण: दोन हिवाळे, ननांच्या शाळेत.
नोकरी: एवारिस्तो मुन्यिसागा यांचा फोटो स्टुडिओ,
एकतीस वर्षं,
काळ्या-पांढऱ्या माणसांना रंग देणे.

गालाला गुलाबी.
ओठाला त्याहून जरा जुना गुलाबी.
खलाशांच्या कॉलरला निळा,
आणि निळा जास्त उडाला तर पगारातून कापायचे.
म्हणून की काय, तिच्या हातचं एकच तैलचित्र सापडलं
त्यातला समुद्र
ओल्या गोणपाटाच्या रंगाचा आहे.
समीक्षकांनी त्यावर दोन पानं लिहिलीत.
निळ्याच्या किमतीबद्दल एक ओळ नाही.

आणि ती वही.
बायका यायच्या गेलेल्या पोराचा फोटो घेऊन,
ही विचारायची, डोळे कुठल्या रंगाचे होते?
निम्म्याजणी गप्प व्हायच्या.
ज्या डोळ्यांत बघून दूध पाजलं
त्यांचा रंग सांगता येईना.

क्रमांक २१४. चहासारखे. आई म्हणते, गार झालेल्या.

क्रमांक ३०९. बाप म्हणाला काळे.
आईने त्याच्या पाठीमागून मान हलवली. घारे केले.

क्रमांक ४४०. कुणालाच आठवत नाही.
मिटलेले दाखवू का विचारलं. नको म्हणाले.
माझ्या भावाचे दिले.

मध्येच एका पानावर:
शनिवारी हात भरून येतो, डावा गाल जास्त रंगतो.
मालकांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

मी संचालकबाईंना म्हटलं, ही लेखिका आहे.
त्या म्हणाल्या, साहित्य दुसऱ्या मजल्यावर,
आणि तिथे जागा भरली.

मग भाचेसून आली, फिलोमेना,
बिस्किटांच्या डब्यात त्रेसष्ट फोटो.
धुणंवाल्या, मासे चिरणाऱ्या, बोटीवरच्या स्वयंपाकिणी,
कडक बसलेल्या, उसन्या ब्लाउजात,
आणि प्रत्येकीच्या कानात
दोन हिरवे ठिपके.
कुड्या कुणाकडे होत्या हो, फिलोमेना म्हणाली,
सावकाराकडे.
हिने फुकट घातल्या, पुसायच्या आधीच,
तीन केसांच्या ब्रशने.
मालकाने दंड केला दोनदा.
दुसरी कुणी असती तर कानाला खडा लावला असता.
हिने लावलाच की,
पण दुसऱ्यांच्या, आणि हिरवा.

एक धोबीण म्हणे नंतर त्या फोटोसारख्या
खऱ्या करून घेऊन आली, नऊ वर्षांनी,
दाखवायला.
ओतिलियाने चष्मा वर करून पाहिलं
आणि म्हणाली, हिरवा जरा गडद झालाय.

हे सगळं चाळीसात बसवायचं.
भूकंप काढला तर सहा वाचतात.
ननांना काढलं. भाऊ काढवत नाही.
समुद्र ठेवावाच लागेल, टांगलेला आहे.

रात्री घरी येऊन आईचा फोटो काढला,
मागे त्याच स्टुडिओचा शिक्का.
कितीतरी वेळ दिव्याखाली धरला.
आईचे केस कानांवरून आलेत,
काही दिसत नाही.
गाल मात्र रंगवलेत,
डावा किंचित जास्त.

शनिवार असावा.